जेवायला जायचा रोल

माझ्याकडं आमच्या नाट्यमंडळाची ड्रेपरी असते. म्हणजे नाटकाला लागणारे सगळे कपडे, दागिने, मिशा, पट्टे, तलवारी. एक साडी काढायला पेटी उघडावी, तर तिच्यासोबत राजाचा मुकुट, कोणाची तरी अर्धी दाढी आणि मागच्या मंडईतलं एखादं भांडण असं सगळं बाहेर येतं! किस्से असेच साठतात. आम्ही सानगडीचे लोक. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची गावची जत्रा भरते, मंडईला आमचं नाटक होतं, आणि बाकीचं वर्ष मंडळातल्या माणसांची नाटकं बघण्यात जातं.

पण गेल्या थंडीत पचमढीला आम्ही एका हॉटेलात जेवायला गेलो, त्या एका जेवणानं मला जेवढे धक्के दिले तेवढे आजवर एकाही नाटकानं दिलेले नाहीत.

*

सुरुवात झाली फोननं. डोमामामा आमचे अध्यक्ष. नाटक कोणतंही असो, राजा नाहीतर मोठा साहेब तेच. त्यांचा जावई प्रफुल पचमढीच्या एका जुन्या, इंग्रजी थाटाच्या हॉटेलात असिस्टंट मॅनेजर आहे. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही मंडईच्या नाटकाचा हिशोब करत बसलो होतो. मामांनी स्पीकर लावला.

"मामाजी, अख्ख्या मंडळाले घेऊन या. एका संध्याकाळचं जेवन माह्याकडून! फक्त कपड्याचं पाहजा. आमच्या डायनिंग हॉलमधी लुंगी, पायजामा, चप्पल काईच चालत नाई. माह्या नोकरीचा सवाल हाये."

सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले.

"जेवाले तोंड लागते, कपडे कायले पाह्यतेत?" हे गजूभाऊ. आमचे कायमचे खलनायक. घरी मात्र बायकोला विचारल्याशिवाय चहाही घेत नाहीत.

"जावयाची इज्जत हाये," मामी म्हणाल्या. "तो सांगन तसंच जाचं."

मग सगळे एकदम माझ्याकडं वळले. "मनोहरभाऊ, काढा पेटी!"

मी हादरलो! अहो, नाटकाचे कपडे लांबून बघायचे असतात. स्टेजवर जे मखमल दिसतं ते हातात घेतलं की सतरंजीचं कापड निघतं. पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात कापड दुकानासारखी गर्दी सुरू झाली.

*

सगळ्यांच्या मापाचं काही ना काही निघालं. शेवटी शीलावहिनी आली.

शीलावहिनी म्हणजे आमची नायिका. तिचा नवरा सुरेश मंडळात हार्मोनियम वाजवायचा. तो गेला तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही काही स्टेजवर येत नाही. पण तिची सासू पार्बताआजी स्वतः माझ्या दारात आली होती. "नाटक करू दे तिले. चार पैसे येतेत, पोट भरते. पन एक गोष्ट पाहजो मनोहर. स्टेजवर काई बी घालो. उतरली का सारं उतरलं पाहिजे!"

आजीचा शब्द म्हणजे शब्द. ती स्वतः सुरेश मांडीवर असताना विधवा झालेली. तेव्हापासून अंगावर विटक्या पांढऱ्या लुगड्याशिवाय दुसरं काही कोणी पाहिलेलं नाही. सगळी गल्ली तिला टरकून असते, गजूभाऊसकट.

तर शीलावहिनी स्टेजवर जरीकाठ नेसते, हिरवा चुडा भरते, कपाळभर कुंकू लावते, गाव टाळ्या वाजवतं. पडदा पडला की सगळं माझ्या पेटीत. साडी परत द्यायला सगळ्यांत शेवटी तीच येते. घडी घालायला तिला फार वेळ लागतो.

"भाऊ, एक मागू का?" ती म्हणाली.

"मांग ना."

"मले एक रोल द्या."

"मंडई तं होऊन गेली. आता कोनत्या नाटकात?"

"नाटकात नाई. जेवाले जाचा." आणि तिनं डाळिंबी रंगाच्या साडीवर हात ठेवला. नाटकातली पाटलीणबाई नेसते ती. "रोल आसन तं चालते ना भाऊ? टिकली, बांगड्या नाई मांगत. साडीच."

पार्बताआजीनं तिला पचमढीला सोडलं होतं ते महादेवाच्या दर्शनाला.

"आजीले मालूम पडलं तं तुहं नाटकच बंद होईन, वहिनी!"

"मालूम हाये मले," ती म्हणाली. हात काही साडीवरून काढला नाही.

मी ती साडी कागदात गुंडाळून माझ्याच बॅगेत तळाशी ठेवली. घरात चोरीचा माल ठेवल्यासारखी माझी अवस्था झाली होती.

*

निघायच्या दिवशी गजूभाऊ गाडीत येऊन बसले आणि माझे डोळेच पांढरे झाले. अंगावर इन्स्पेक्टरची वर्दी! टोपी, पट्टा, तारे, सगळं!

"अबे, हे काय घातलं?"

"याच्यापेक्षा चांगला कपडा हाये का माह्याजवळ? इस्त्रीचा हाये."

"अरे, संध्याकाळी घालाचा ना!"

"घडीत चुरगाळते."

माझं डोकं फिरलं, पण मामा म्हणाले, "चाल बाप्पा, उशीर होऊन राह्यला." तुमसर ओलांडून आम्ही बपेऱ्याजवळ आलो. पुढं मध्यप्रदेशची हद्द. तिथं गाड्या तपासत होते. एका खऱ्या शिपायानं काचेतून आत पाहिलं, गजूभाऊ पुढच्याच सीटवर. त्यानं खाडकन सॅल्यूट ठोकला!

आजवर स्टेजवर शेकडो लोकांना धमकावलेल्या आमच्या खलनायकाची बोबडी वळली. त्यांनी घाईघाईनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "नमस्ते साहेब!"

शिपाई बघतच राहिला. आम्ही सगळे देवाचं नाव घेत होतो. ड्रायव्हरनं गाडी जी दामटली, ती हद्दीपलीकडच्या पहिल्या झुडपापाशी थांबवली. गजूभाऊ झुडपामागं गेले ते इन्स्पेक्टर म्हणून, आणि परत आले ते माझा जादा शर्ट-पँट घालून. पँट घोट्याच्या वर चार बोटं.

"आता कसा दिसून राह्यलो?" त्यांनी विचारलं.

"जामिनावर सुटल्यासारखे," मामी म्हणाल्या.

*

संध्याकाळी हॉटेलाच्या दाराशी पोचलो. काचेचं दार, आत झुंबर, पांढऱ्या टेबलक्लॉथची टेबलं. प्रफुलनं आमच्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. सगळ्यांच्या पायात बूट! ड्रेपरीतलेच, पण मी आदला दिवसभर बसून चकाचक केले होते.

"वा! आसंच पाहिजे होतं मले," असं म्हणून तो टेबल बघायला आत गेला. आणि तेवढ्यात डोमामामा दाराशी खाली बसून नाड्या सोडायला लागले.

"मामा, हे काय?"

"अन्नापाशी जोडा घालून बसू का मी? आमी धानवाले मानसं हाओ बाप्पा. खळ्यावर चपलीनं पाय टाकत नाई, न् ताटापाशी टाकू?"

मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी बूट काढले. दाराशी माझ्या पॉलिशची लांबलचक रांग लागली आणि आम्ही मोज्यांवर आत शिरलो.

धक्का पुढंच होता. आमच्या मागून एक दिल्लीचं कुटुंब आलं. त्यांनी ती रांग पाहिली. "यहाँ का रिवाज होगा," नवरा बायकोला म्हणाला, आणि त्यांनीही काढले! त्यांच्या मागच्यांनीही काढले!

थोड्या वेळानं प्रफुल घामाघूम होऊन आला. "मामाजी, काय केलं हे? अख्खं हॉटेल अनवाणी जेवून राह्यलं!"

"मंग चांगलंच झालं ना," मामा म्हणाले.

*

मामांचा कोट ही वेगळीच गोष्ट. तो आमचा साहेबाचा कोट. नाटकात पटकन कपडे बदलावे लागतात, म्हणून मी त्याच्या आत शर्टाची नुसती छाती, कॉलर आणि टाय शिवून टाकली आहे. समोरून बघाल तर फर्स्ट क्लास साहेब. कोट काढला तर आत फक्त बनियन! आणि खरा शर्ट आत घालावा तर पोटावर बटण लागत नाही.

आम्हाला टेबल दिलं ते नेमकं भिंतीतल्या शेकोटीजवळ. मामा निथळायला लागले. वेटर मोठा अदबीचा. "सर, कोट टाँग दूँ?"

"नही, नही."

थोड्या वेळानं पुन्हा. "सर, गर्मी हो रही है. कोट दे दीजिए." आणि त्यानं मागून खांद्याला हात घातलासुद्धा!

मामा ताडकन उभे राहिले. दोन्ही हातांनी कोट छातीशी धरला आणि आपल्या राजाच्या आवाजात गरजले, "खबरदार! हा कोट आता चितेवरच उतरेल!"

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. वेटर दोन पावलं मागं सरला. मी डोळे मिटून घेतले.

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळ्यांनी वाजवल्या! मामांनी तिन्ही दिशांना वाकून नमस्कार केला आणि घाम पुसत खाली बसले.

*

या सगळ्या गोंधळात शीलावहिनी माझ्या समोर बसली होती. डाळिंबी साडी, कपाळ मोकळं, हात मोकळे. स्टेजच्या उजेडात तिला शंभरदा त्या साडीत पाहिलेलं, पण समोरासमोर बसून कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला तिच्याकडं बघवेना.

तोच वेटर नॅपकिन घेऊन फिरत आला. प्रत्येकाच्या मांडीवर पांढरंशुभ्र कापड घडी उलगडून ठेवत होता. तो वहिनीपाशी वाकला, आणि तिनं नकळत दोन्ही हातांनी पदर पुढं पसरला.

तिचं तिलाच कळलं तेव्हा ती दचकून मागं सरली. "नाई, नाई! मले नाई चालत!"

टेबलावरचं हसणं थांबलं. सुरेश गेल्यापासून तिच्या ओटीत कोणी तांदळाचा दाणा घातला नव्हता. वेटर बिचारा कापड हातात धरून उभा. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं.

मी काही बोलणार तोवर गजूभाऊ पुढं झुकले. घरी बायकोला घाबरणारा, नाक्यावर हात जोडणारा आमचा खलनायक हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घ्या. रोल हाये ना."

तिनं पदर पुन्हा पसरला. वेटरनं कापड ठेवलं. मामींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "सूप तिखट हाये."

सूप अजून आलंच नव्हतं.

जेवण झाल्यावर प्रफुलनं सगळ्यांचा फोटो काढला. साधी गोष्ट. पण सकाळी मामींनी मोबाईल उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जावयानं तो फोटो स्टेटसला लावला होता! आणि सानगडीतल्या अर्ध्या लोकांनी तो पाहिलाही होता!

शीलावहिनीनं फोटो एकदा पाहिला. डाळिंबी साडीची घडी घालून तिनं ती माझ्या हातात दिली. या वेळी घडी घालायला वेळ लागला नाही. परतीच्या वाटेवर ती फिकी साडी नेसून खिडकीशी बसली होती, आणि बपेऱ्याचा नाका आला तरी गाडीत कोणी हसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे उन्हात घालून पेटीत भरत होतो, आणि दारात काठी वाजली.

पार्बताआजी!

"मनोहर, हायेस का रे?"

"या आजी. बसा."

ती शेजारच्या बंद पेटीवर बसली. "फोटो पाह्यला मी. शेजारच्या पोरीनं दाखवला."

"आजी, ते असं झालं..."

"शीलाच होती ना?"

"हो."

"साडी मंडळाची?"

"हो आजी."

"नाटक होतं का तिथं?"

खोटं बोलावं तर आजी नजर हलवायला तयार नाही. "नाटक नोहतं आजी. पण रोल होता."

"कोनता?"

"जेवाले जाचा."

आजी काठीच्या मुठीवर बोटं फिरवत राहिली. मी मनात शब्द जुळवत होतो. चूक माझी आहे, तिचं नाटक बंद करू नका, पाहिजे तर मला बोला.

"येवढी भारी साडी नेसवली," आजी म्हणाली, "अन् कपाळ बोडकंच ठेवलं? आसा करतेत का रोल?"

मनात जुळवलेले सगळे शब्द फुकट गेले!

ती उठली. उघड्या पेटीशी आली आणि स्वतःच हात घालून एकेक कापड उपसायला लागली. डाळिंबी साडी वरच होती. तिच्या काठावरून बोट फिरवलं, बाजूला ठेवली. राणीचा शालू काढला, ठेवला. अगदी खाली, गौळणीचं पोपटी लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. ते घेऊन ती दाराशी उजेडात गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

"आता पुन्हा कई जानार आहा जेवाले?"

"अजून ठरलं नाही आजी."

"ठरव."

लुगड्याची घडी तिनं तशीच काखेत मारली. काठी टेकत उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि मान वळवून मला दटावत म्हणाली, "अन् मले म्हातारीचा रोल नोको देजो!"