वॉटर स्कूटरखालचं कार्पेट

आमच्या संघटनेच्या पत्रकांत निषेध असायचा, मागणी असायची, इशारा असायचा. आभाराला जागा नसायची. म्हणून घोडेगावच्या मंडपवाल्या भाऊंबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. ती आता लिहिते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला धरण झालं आणि पलीकडच्या वाड्यांचा रस्ता पाण्याखाली गेला. पाणी खाली उसाला आणि कांद्याला मिळालं. पलीकडच्या पोरांना पोलिओचा डोस द्यायचा, तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं दिवसभर डोंगराला वळसा घालायचा, आणि लसीच्या डब्यातला बर्फ वाटेतच वितळायचा. लाँच द्या म्हणून आम्ही मोर्चे काढले, उपोषणाला बसलो. लाँच आली नाही. आली एक जुनी वॉटर स्कूटर. जुन्नरकडं कुणीतरी पाण्यावरच्या खेळांचं केंद्र काढलं होतं, ते बंद पडलं, आणि मालकानं जाताना ती, पाण्यापर्यंत ओढून न्यायच्या ट्रॉलीसकट, आमच्या संघटनेला देऊन टाकली.

श्रीमंतांचं खेळणं म्हणून मी नाक मुरडलं. सिस्टर म्हणाल्या, "मागं बसायला जागा आहे ना? मग झालं." चालवायला पलीकडच्या वाडीतले एक काका तयार झाले. त्यांची भातखाचरं त्याच पाण्याच्या तळाशी होती.

ट्रॉली भाऊंच्या गोदामात असायची. तिच्यावर दोन लांब फळ्या, फळ्यांवर कार्पेट, आणि त्यावर स्कूटरचं पोट टेकलेलं. एका पोलिओ रविवारच्या आदल्या दिवशी बघितलं तर कार्पेटच्या चिंध्या झालेल्या, फळ्या कुजलेल्या, आणि बोल्टची डोकी स्कूटरच्या फायबरला चांगलीच खरवडत होती. आणखी एक खेप तशीच मारली असती तर पोटाला भोक पडलं असतं आणि सिस्टर भर पाण्यात अडकल्या असत्या.

सुतारानं बाभळीच्या फळ्या दिल्या, बोल्टची डोकी आत बुडावीत म्हणून खाचाही पाडून दिल्या. वर काय लावायचं, यावर ट्रॉली ओढणाऱ्या जीपवाल्याकडं उत्तर तयारच होतं.

"टायर मारा की राव. धा वर्सं बघाय नको."

आमच्याकडं बैलगाडी असो, ट्रॉली असो, विहिरीवरची मोटार असो, काही घासायला लागलं की त्याखाली जुना टायर जातो. मलाही ते पटलं. टायर कापून फळ्यांवर ठोकला, ट्रॉली धरणावर नेली, जीपनं मागं मागं पाण्यात ढकलली. स्कूटर जागची हलेना. ओलं रबर तिला सोडेचना. काकांनी ढकललं, भाऊंनी ढकललं, मी ढकललं.

"चांगली धरलीय," काका जीपवाल्याला म्हणाले. "चोरीची भीती न्हाई आता."

अंधारून यायला लागलं होतं. मी सरकारला शिव्या घालायला सुरुवात केली. भाऊंनी थोडा वेळ ऐकून घेतल्या.

"ताई, भाषण उद्या करा. आदी गोदामात चला."

दुसऱ्या दिवशी लोणीला त्यांच्याच मंडपात लग्न होतं. दारापासून स्टेजपर्यंत अंथरायची लांब लाल पट्टी गुंडाळून ठेवली होती. नवीकोरी. भाऊंनी ती उलगडली आणि टोकाकडून कात्री चालवली.

"अहो, उद्या कमी पडेल," मी म्हणाले.

"नवरानवरी चार पावलं मातीवर चालली तर लगीन मोडत न्हाई. वऱ्हाडी जेवाया येत्यात, खाली कोण बघतंय?"

मंडपाच्या पोरांनी स्कूटर उचलून बाजूला ठेवली, टायर उपटला. पट्टी फळ्यांवर ताणून बसवली, खिळे खालच्या अंगानं मारले, म्हणजे एकही वर लागायला नको. भाऊ स्वतः हात फिरवून बघत होते.

सकाळी जीप मागं घेतली. कार्पेट भिजलं आणि कुणी हात लावायच्या आत स्कूटर सुळकन पाण्यात उतरली. काका दोरी पकडायला धावले. सिस्टर गळ्यात डबा अडकवून मागं बसल्या आणि गेल्या.

लाँचची मागणी आम्ही आजही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण त्या दुपारी सिस्टर परत आल्या तेव्हा मी त्यांना काही विचारायच्या आधी त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत बर्फ अजून होता.

"एकही पोर राहिलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यातला एक खडा उचलून कपाळावरून फिरवला.