गस्त संपेपर्यंत

पाणबुडेकाकांना आवाज करताच येत नसे. दार लावलं तरी कडी वाजायची नाही, कप ठेवला तरी बशीला पत्ता लागायचा नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत भांडणंसुद्धा गॅलरीतून व्हायची, तिथे हे गृहस्थ कुजबुजत बोलायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते पाणबुडीच्या इंजिनरूममध्ये मेकॅनिक होते. खाली दडून बसल्यावर हातातून पाना पडला तरी शत्रूला ऐकू जाईल, ही धास्ती अंगात मुरली होती, ती निवृत्तीनंतरही गेली नाही.

लढाईबद्दल विचारलं की म्हणायचे, "लढाई कसली? घाम, डिझेलचा वास आणि वाट बघणं." आपणहून सांगायचे ती गोष्ट एकच. घरून वाईट बातमी आली तर कप्तान ती गस्त संपेपर्यंत स्वतःजवळ ठेवायचा. काकांचे वडील वारले तेव्हा काका समुद्राखाली होते. "पण मला कळलं होतं," ते सांगायचे. "त्या दिवशी कप्तानाने स्वतः मला चहा आणून दिला. कप्तान कधी चहा आणतो का?"

मी तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत नवीन लागले होते. सोसायटीत इंटरनेट फक्त माझ्याकडे, आणि रविवारी झोपण्यापलीकडे कशाचंही त्राण नसायचं. अशाच एका रविवारी काका चिठ्ठी घेऊन आले. त्यांच्या खोकल्यावर डॉक्टरांनी लिहिलेला शब्द होता, ॲस्बेस्टॉस. पाणबुडीतल्या गरम पायपांना त्याचंच वेष्टण असायचं. दुरुस्तीला हे लोक ते हातांनी ओरबाडून काढत आणि त्याचा पिठासारखा भुगा अंगावर घेऊनच झोपत. तो भुगा फुप्फुसात जाऊन बसतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मी जांभया देत इंटरनेटवरची माहितीची पानं छापून दिली.

आठवड्याने ते परत आले. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. विचारलं ते एवढंच, "कपडे धुणाऱ्यांचं काही लिहिलंय का?"

लिहिलं होतं. काकूंनी पंधरा वर्षं त्यांचे कपडे आधी झटकून मग हाताने धुतले होते. काका म्हणाले, "खाली असताना मला एकच समाधान असायचं, ही वर सुखरूप आहे."

काका मागे लागले तरी काकू एक्स-रेला तयार नव्हत्या. "डाग दिसले तर काय, घासून निघणार आहेत?" म्हणाल्या. शेवटी काकांना ऑक्सिजन लागला तेव्हा कंटाळून हो म्हणाल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना नेलं. डाग त्यांच्याही फुप्फुसात होते. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं नाही. आणि खोटं तूच बोल, माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही." मला त्यांचा राग आला, आणि रडूही.

काका उशांना टेकून बसले होते. "सगळं स्वच्छ आहे, काका," मी म्हटलं. मग तिथे उभं राहवेना, म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि चहा करून घेऊन आले. इतक्या वर्षांत त्या घरात मी एक भांडं उचललं नव्हतं.

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप हातात घेतला.

"बरं," ते कुजबुजले, "गस्त संपेपर्यंत विचारणार नाही."

त्यानंतर ते अठरा दिवस होते. खरंच विचारलं नाही.