कुठला लायकस?

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या लायब्ररीत माझ्या शेजारी बसणाऱ्या रिटायर्ड डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला दरडावून विचारलं होतं, "कुठले कुलकर्णी?"

हल्ली ते ग्रीक पुराणातल्या माणसांची सूची करताहेत, आणि त्यांनाही हेच विचारतात. तिथे लायकस नावाचे ढीगभर. प्रत्येकाला डॉक्टरांच्या वहीत स्वतंत्र पान असतं, अगदी केसपेपरसारखं: बापाचं नाव, गाव, कशाने गेला. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला लागता कामा नये, ही वॉर्डातली जुनी सवय. या कामात स्वारी भलतीच खूश असते.

काल एक लायकस सापडला, एका ओळीत येऊन लढाईत मेलेला. बापाचं नाव नाही, गाव नाही.

मी म्हटलं, "अहो, घाला की आधीच्याच पानावर. कोणाला कळणार आहे?"

डॉक्टरांनी कोरं पान काढलं, वर ठळक अक्षरांत त्याचं नाव लिहिलं.

"त्याच्या आईला कळेल," ते म्हणाले.