एक टोक की दोन?

डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी वाकवलेल्या यू-पिनेची टोकं माझ्या उजव्या तर्जनीला टेकवली. "एक टोक की दोन?"

"एकच," मी ठासून सांगितलं. दोन होती. मग त्यांनी ती मधल्या बोटाकडच्या कडेला टेकवली, तर मी नुसती वाट बघत बसले.

"डिजिटल नर्व्ह तुटलीये," ते म्हणाले. म्हणजे बोटाच्या कडेने जाणारी, स्पर्शाची खबर मेंदूला देणारी बारीक तार. जखम इवलीशी, चार दिवसांत सुकलीही होती.

भिवंडीत लूमवरून उतरलेलं कापड मी तपासते. बोट फिरवायचं, गाठ लागली की अर्ध्या ब्लेडने उडवायची. ब्लेड दिवसभर दोन बोटांच्या बेचक्यात, इतकं अंगवळणी पडलेलं की ते आहे हेच विसरायला होतं. शेजारच्या टेबलावरच्या शबानाआपांची मुलगी दहावी पास झाली. आपांनी हातावर पेढा ठेवला आणि मी ब्लेडसकट मूठ मिटली.

"अगं, दवाखान्यात चल!" आपा ओरडल्या. मी हळद दाबली नि शिफ्ट पुरी केली. शुद्ध मूर्खपणा. तुमचं कधी कापलं तर रक्त थांबलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. बोटाच्या टोकाला स्पर्श कळत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझं तर पोटच या बोटावर. मी फार घाबरले होते.

ऑपरेशनमध्ये मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने तार जोडली. "ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी जखमेपासून टोकापर्यंत पट्टीने बोट मोजलं. चार सेंटिमीटर, म्हणजे चाळीस दिवस! चाळीस गेले, साठ गेले, बोट ढिम्म. डोळे मिटून रवा, तांदूळ, साबुदाणा ओळखायचा व्यायाम होता. साबुदाण्याला मी कापूस म्हणाले. आता मलाच या बोटाचं कुतूहल वाटू लागलं.

चौथ्या महिन्यात आपा कापडाचा तुकडा घेऊन आल्या. तो पेढा त्यांनी फार मनाला लावून घेतला होता.

"डोळे मीट. एक गाठ हाय यात. शोध."

बोट सरकत गेलं. काही नाही. आणखी थोडं. मग टोचलं, पण पार मधल्या पेरापाशी.

"इथं!"

डोळे उघडले. गाठ बोटाच्या टोकाखाली होती. नवी तार सुरुवातीला पत्ता चुकते, असं डॉक्टर म्हणालेच होते.

"अल्ला का शुक्र है," म्हणत आपा डोळे पुसत होत्या. मलाही रडू येत होतं. पण आधी मी बोट मागे नेलं नि पुन्हा डोळे मिटले. आता ती गाठ कुठे लागते, ते मला बघायचं होतं.