काकूंचा अंगठा

काकू सरपंच झाल्या तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तरी मी स्वतःला त्यांची सोशल मीडिया प्रमुख जाहीर करून टाकलं. घरातच, चहा पिताना. काका, म्हणजे काकूंचे मालक, म्हणाले, "पगार?" मी म्हणलं, "समाजसेवा हाय." काका म्हणाले, "मग चालतंय."

आमचं गाव परंडा तालुक्यातलं. रेंज नीट येते ती फक्त पाण्याच्या टाकीखाली, त्यामुळं माझं ऑफिस टाकीखाली. पलीकडं एक शेळी बांधलेली असायची, ती स्टाफ.

काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "फोटोबिटो तुझं तू बघ. मला एकच पायजे. पुढच्या ग्रामसभेला बाया आल्या पायजेत. पाण्याचं ठरवायचंय."

पाण्याचं म्हणजे असं, की आमच्याकडं नळाला पाणी येतं अकरा वाजता. पाणी सोडणारा गडी आधी स्वतःच्या रानाला जाऊन येतो, मग टाकीचा कॉक फिरवतो. तो उपसरपंचांच्या भावकीतला, म्हणून कुणी बोलत न्हाय. आणि अकराला बाया असतात खुरपायला रानात. मग घरी पाणी भरायला कोण? पोरी. शाळा बुडवून. मीपण बुडवलीय, गणिताचा तास रोज त्याच वेळी असायचा, म्हणून माझं गणित असं हाय. (म्हणजे मला तरी तसंच वाटतं. ज्या दिवशी गेले त्या दिवशीपण काय कळायचं न्हाय.)

काकूंनी मत मागताना दारोदार सांगितलं होतं, "पाणी सकाळी सातला आणते." आता ते सभेत ठराव करून घ्यायचं होतं. पण आमच्या सभेला बाया म्हणून काकू आणि अंगणवाडीच्या ताई, बास. गणपूर्ती होत न्हाय, सभा तहकूब. तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा कोण आलं न आलं कुणी बघत न्हाय, पारावरचे चारपाच जण काय ते ठरवून मोकळे. मग कसलं सात आणि कसलं काय.

"वेशीजवळची आजी आली की सगळ्या येतील," काकू म्हणायच्या. खुरपायला जाणारी बायांची टोळी त्या आजीच्या हाकेवर निघते. काकू दोनदा तिच्या दारात जाऊन आल्या होत्या. आजीचं एकच, "तिथं येऊन काय करू? गप बसायचं? गप बसायला मला घरबी हाय."

मी म्हणलं, काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी आहे ना!

मग मी सुटलेच. 'आपलं गाव, आपला आवाज' असा ग्रुप काढला. रोज सकाळी काकूंचा हात जोडलेला फोटो, मागं उगवता सूर्य, कोपऱ्यात मोर. आमच्या शिवारात मोर हायेत, पण ते असे जांभळे न्हाईत. मग रील केलं, काकू टाकीकडून स्लो मोशनमध्ये चालत येतात, पदर उडतो, आणि बरोबर त्याच वेळी आमचा स्टाफ मधी येऊन लेंड्या टाकतो. मला ते अपलोड झाल्यावर दिसलं. तरी बघितलं लई लोकांनी! मी आनंदानं उड्या मारत काकूंना कमेंटी वाचून दाखवल्या. "काकू नंबर एक." "विकासाची वाघीण." "शेळी कुणाची हाय?"

काकूंनी विचारलं, "ही कोण लोकं?"

बघितलं तर सगळी चाकण न्हायतर हडपसरची. आमच्याच गावची पोरं, कंपनीत कामाला. मी पाण्याच्या वेळेवर मत घेतलं तेव्हापण सगळ्यात जास्त मतं पडली 'संध्याकाळी'ला. पुण्यात बसून त्यांना संध्याकाळ बरी वाटली. काकू म्हणाल्या, "ह्यांना पाणी पाठवायचंय का पाइपनं?"

मला जरा लागलं ते. म्हणून मी ठरवलं, आता बायांसाठीच खास पोस्टर करायचं. वाचता येत नसलं तरी बघून कळलं पायजे असं. चित्रातनं थेट काळजात!

काकूंना टाकीखाली उभं केलं. "काकू, हसा. आता अंगठा वर करा."

"कशाला गं?"

"म्हणजे लाईक. म्हणजे आपला पाठिंबा हाय, असं."

"आमच्यात अंगठा दावला की भांडान लागतंय."

"काकू, जमाना बदललाय."

माझे शब्द हायेत हे. जमाना बदललाय. घरात अजून मला ते ऐकवलं जातं, भाजीत मीठ जास्त पडलं तरी.

पोस्टर असं झालं. एका बाजूला भला मोठा कोरडा नळ. दुसऱ्या बाजूला काकू, तोंडभर हसू आणि अंगठा, तो मी मुद्दाम मोठा केला होता, नळाएवढा. खाली स्टायलिश अक्षरात 'सकाळच्या पाण्यासाठी सभेला या', ते इतकं स्टायलिश की मलापण वाचायला वेळ लागत होता. टाकलं ग्रुपवर. धडाधड अंगठे आले. मी पळत जाऊन सांगितलं, "काकू, गाव आपल्या मागं हाय!"

"त्यात बाया कोण कोण?"

नंबर सगळे पुरुषांचे. आमच्याकडं घरात फोन एक असतो आणि तो मालकाच्या खिशात असतो. बाया बघतात ते संध्याकाळी, पोरांच्या हातात आला की.

दुसऱ्या दिवशी आई गिरणीवरनं दळण घेऊन आली ती तणतणतच. "काय टाकलंयस गं त्या मोबाईलवर? गिरणीवर माझी तोंड दाखवायची सोय न्हाय ठेवली."

"का? चांगलं झालंय ना?"

"चांगलं? बाया म्हणतात, नळ कोरडा, सरपंचबाई हसती आन अंगठा दावती. 'पाणी मागताय? घ्या ठेंगा!' आन ती वेशीजवळची आजी काय म्हणली माहितीय का? 'मत मागताना हात जोडलं हुतं, आता अंगठा व्हय?'"

मी एकदम गार. हात जोडलेले फोटो पण मीच टाकले होते की. एकामागोमाग एक, व्यवस्थित, जणू काय गोष्टच सांगितली होती मी गावाला.

मग मी जे करायला नको तेच केलं. खुलासा टाकला. 'गैरसमज नसावा. अंगठा म्हणजे होकार.' त्यावर एका म्हाताऱ्या बाबांचा आवाजातला मेसेज आला, मागं कोंबड्या ओरडतायत, "पोरी, आमी जवा जवा अंगठा दिला तवा तवा जमीन गेली. होकार तुझ्या घरी ठेव." त्याला पन्नासेक लोकांनी अंगठे दिले. आता त्याचा काय अर्थ घ्यायचा?

काका तर भडकलेच. "नाक कापलं पोरीनं! आधी ते काढ."

मी रडकुंडीला येऊन मोबाईल हातात घेतला. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाया रागावल्यात का?"

"लई, काकू."

"आजीबी?"

"आजी म्हणते, भर सभेत येऊन विचारते. टोळीच घेऊन येते म्हणते."

काकूंचा हात ताटात थांबला. मग म्हणाल्या, "काढू नको."

काका म्हणाले, "अगं, नाक..."

"नाक माझं हाय," काकू म्हणाल्या. "म्या बोलवून आल्या न्हाईत. भांडाया येत असल्या तर येऊ द्या."

आणि मला बजावलं, सभा होईस्तोवर ग्रुपवर एक अक्षर टाकायचं न्हाय. माझ्यासाठी ही शिक्षा लई मोठी होती. टाइप करून करून खोडत होते मी.

सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात बाया आल्या. त्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या. काहींच्या हातात रिकाम्या घागरी. आजी पुढं, पदर खोचलेला. मी खांबामागं. मला बघून एक वहिनी म्हणाली, "ही बघा, अंगठेवाली लपलीय."

आजी सरळ काकूंच्या टेबलापुढं. "बाई, तुला आमी निवडून दिली. पाणी मागितलं तर अंगठा दावतीस?"

मला वाटलं आता काकू सांगतील, पुतणीनं घाण केली. सांगायला पायजे होतं, खरंच होतं ते. काकू उठून उभ्या राह्यल्या. "बोला आजी. काय पायजे तुमाला?"

"पाणी पायजे! सकाळी सातच्या आत पायजे!"

काकूंनी शेजारी बसलेल्या ग्रामसेवकांकडं बघितलं. "लिहा."

"पोरीच्या शाळा बुडत्यात!" मागनं दुसरी.

"लिहा."

"रानात जाताना कालचं शिळं पाणी न्यायचं का आमी?"

"तेबी लिहा."

उपसरपंच म्हणाले, "आधी सभा तर सुरू होऊ द्या." काकू म्हणाल्या, "सुरूच हाय. गणपूर्ती झाली का, तेवढं बघा." बघायची काय गरज नव्हती. पटांगण भरून कंपाउंडच्या भिंतीवर माणसं बसली होती. पाणी सोडणारा गडीपण होता, तो चपलेनं माती उकरत होता.

"सकाळी पाणी पायजे त्यांनी हात वर करा," काकू म्हणाल्या. "हात. अंगठा न्हाय."

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. मग हात वर गेले, घागरीसकट. आजी काकूंकडं बघत राह्यली जराशी, आणि तिनं दोन्ही हात वर केले. ठराव झाला.

नंतर शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एक सरपंच ताई काकूंना फोनवर विचारत होत्या, "एवढ्या बाया कशा जमवल्या हो? कॅम्पेन कोण करतं तुमचं?" काकू म्हणाल्या, "घरचीच पोरगी हाय. पण तुमाला न्हाय झेपायची."

मग मला परत परवानगी मिळाली. मी टाकलं, 'उद्यापासून पाणी सकाळी सात वाजता.' एवढंच. मोर न्हाय, काय न्हाय.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, पण साडेसातला. गडी उशिरा उठला म्हणे. तरी आलं, आणि खुरपायला जायच्या आत घागरी भरल्या. मी ग्रुपवर विचारलं, 'सर्वांना पाणी मिळालं का?'

आजीच्या नातीला अभ्यासासाठी घेतलेल्या फोनवरनं उत्तर आलं. नुसता अंगठा.

नात तेव्हा शाळेत होती आणि फोन आजीकडं, म्हणजे तो आजीनंच दाबलेला. तो होकार हाय का साडेसातचा ठेंगा, ते मला अजून कळलेलं न्हाय. वेशीकडनं जाताना मी आजीला दुरूनच हात जोडते.