चंद्राला वाशीम पुरेल

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे. चौथीनंतर लिहायची वेळ फारशी आली नाही. कुणी वाचलंच, तर सांभाळून घ्यावं. सरांबद्दल मात्र लिहून ठेवायचं आहे.

कोथरूडला सरांकडे मी पोळ्या करायला जायचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, घरात एकटे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हाती पेन्सिल दिली. "आशाबाई, ही लांब धरा. एक डोळा मिटा. आता दुसरा. हलली?"

"हो."

"ती नाही हलली, डोळा बदलला. ग्रहांची अंतरं अशीच मोजतात. पोळी करपली तरी चालेल, हे विसरू नका."

त्यांचा मुलगा नितीन कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला. शेजारी हळहळले, तर सर म्हणाले, "अहो, बरंच झालं. दुसरा डोळा लांब गेला." शुक्र सूर्यावरून सरकणार होता. तिकडून नितीनने आणि इकडून सरांनी एकाच क्षणी तो काळा ठिपका कागदावर टिपायचा, मग अंतर काढता येतं. पुन्हा असा योग शंभराहून जास्त वर्षांनी.

त्या सकाळी सरांनी गच्चीवर दुर्बीण लावून ठिपका टिपला आणि फोनजवळ येऊन बसले. दुपारी फोन आला. "सॉरी बाबा, मीटिंगमध्ये अडकलो. अंतर नेटवर आहे, आकडा पाठवू?"

"आकडा मला पाठ आहे," म्हणून सरांनी फोन ठेवला. ते जेवले नाहीत. पावसाळा सरला तरी दुर्बीण कोपऱ्यातच होती.

एकदा मी कसंबसं विचारलं, "सर, दिवाळीला मी वाशीमला माहेरी जाते. तिथून काही दिसेल का?"

सर म्हणाले, "शुक्र फार लांब, त्याला वाशीम पुरायचं नाही. चंद्राला पुरेल."

भाऊबीजेनंतरची एक संध्याकाळ ठरली. चंद्राजवळचा तारा किती लांब दिसतो, ते दोघांनी सात वाजता काढायचं. मी अंगणात कागद घेऊन उभी राहिले, तर वहिनी हसली, "पुण्याले राहून चंद्रालेबी नावं ठेवू लागल्या का ताई?"

परत आले तेव्हा सरांच्या दारात चपला होत्या. सर झोपेतच गेले होते. नितीन आला होता. टेबलावरचा कागद उचलून त्याने विचारलं, "मावशी, हे काय आहे?" त्यावर चंद्राची कोर होती, तारा होता, खाली वेळ होती.

मी पिशवीतून माझा कागद काढून शेजारी ठेवला. सरांचा तारा चंद्रापासून जरा दूर होता, माझा जवळजवळ टेकलेला.

नितीन बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला. "वाशीम इथून किती लांब?"

"एसटीला अख्खी रात्र लागते."

तो खाली मान घालून आकडे मांडू लागला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पडेल म्हणून मी दोन्ही कागद थोडे पलीकडे सरकवले.