तबकडीची मागची बाजू

महाड-पोलादपूरकडच्या लग्नांत मी पंधरा वर्षं कर्णा लावला, आणि तेवढ्या वर्षांत गाणं कळणारा यजमान मला एकही भेटला नाही. कुठलं गाणं लावलंय हे कुणी विचारायचं नाही. कर्ण्याचं तोंड कुठल्या वाडीकडे आहे, यावर मात्र भांडणं. मुलीचा बाप म्हणायचा, तिच्या सासरकडे करा. चुलता म्हणायचा, ज्यांनी हिला नाकारलं त्यांच्या वाडीकडे करा. मी कर्णा आंब्याला बांधायचो आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालायचो.

सगळ्यांना तबकडी हवी असायची ती एकच. त्या काळात एक गायक फार चालला होता; रेडिओवर तोच, हॉटेलात तोच. वीसेक वाद्यांच्या गदारोळात त्याचा आवाज सापडला तर सापडायचा. मला तो अजिबात आवडत नसे. पण धंदा त्याच्यावरच चालायचा, म्हणून ती बाजू झिजून करडी पडेपर्यंत वाजवली.

एकदा कुडपणच्या लग्नात घाईघाईत ती तबकडी उलटी लागली. मागच्या बाजूला वाद्यं नव्हतीच. एक तंबोरा, आणि तो एकटा गात होता. नवरीचा बाप पंगतीतून उष्ट्या हातानं धावत आला.

"अवो बाजावाले, मशीन बिघडलं काय तुमचं? नुसता मानूसच वरडतोय. वाजप कुठं गेलं?"

मांडवभर लोक हसले. आणि मी, गाणं कळणारा शहाणा, मीही सुई काढून फुंकून पाहिली. मग तबकडी उलटली, गदारोळ सुरू झाला आणि मंडळी पुन्हा भातावर तुटून पडली.

पावसाळ्यात लग्नं नसतात. दोन-तीन वर्षांनंतरच्या एका पावसाळ्यात, सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरायच्या आत मी तबकड्या माळ्यावर चढवत होतो. ओल लागलीय का ते बघायला एकेक तबकडी घरातल्या जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लावून पाहत होतो. ती तबकडी हाताशी आली. पुढची बाजू म्हणजे नुसती खरखर. मागची अगदी कोरी होती, म्हणून तीच लावली.

या वेळी कुणी धावत आलं नाही, त्यामुळे ऐकावंच लागलं. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ओळ संपताना आवाज जरासा थकायचा, आणि ते त्यानं लपवलं नव्हतं. ज्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली तो माणूस इतकं चांगलं गात होता. लाज वाटली.

त्याहून वाईट म्हणजे, ओळीच्या शेवटी असा थकणारा आवाज मी याच घरात ऐकला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायको चुलीपाशी गायची. एकदा शेजारी बसले असताना मी म्हणालो होतो, "पेटी नाय, तबला नाय, काय ते रडगाणं गो?" शेजारीही हसले होते. त्यानंतर ती कधी गायली नाही. आणि ती गात नाही हे माझ्या लक्षात यायला एवढी वर्षं आणि ही तबकडी लागली.

मी तिला हाक मारली. तांदूळ निवडत होती, सूप घेऊनच आली. मी तबकडी पहिल्यापासून लावली.

"ऐक. तू अशीच गायचीस. म्हण ना कायतरी."

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती दुसरी बाजू लावा. वाजपाची."

"ती गेली गो. नुसती खरखर हाय."

"असूदे. तीच लावा."

मी लावली. खरखरीसकट गदारोळ सुरू झाला. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती, आणि तिचे ओठ हलत होते. डोंगरापलीकडच्या वाडीला गाणं ऐकवणारा मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. सुई उचलली असती तर ती गप्प झाली असती.

तीन मिनिटांत तबकडी संपली. मी ग्रामोफोनला चावी दिली आणि तीच बाजू पुन्हा लावली.